कडूबाईचा हात

आमच्या वहिनीचं नाव कडूबाई आहे. हे नाव ऐकून जो हसतो त्याला मी मनातल्या मनात गाडी थांबवून हायवेवर उतरवून देते. मी तुळजापूर आगारात कंडक्टर आहे. माणसं ओळखण्यातच माझी सगळी नोकरी सरली. कोण तिकीट काढणार, कोण झोपेचं सोंग घेणार, हे मला दारातच कळतं. पण या बाईचा अंदाज मला आला नाही. नणंद असून मी भावजयीची तारीफ लिहायला बसले आहे, यावरून काय ते समजा.

नाव असं पडलं त्याला कारण आहे. तिच्या आईची आधीची दोन मुलं पाळण्यातच गेली होती. ही झाली तेव्हा घरातल्या म्हाताऱ्यांनी ठरवलं, नाव कडू ठेवा, म्हणजे काळानं तोंडात घातली तरी थुंकून टाकेल. काळानं थुंकली की नाही माहीत नाही, पण पोरगी जगली. मग तिला जपायची घरादाराला अशी काही सवय लागली की तिचा पाय जमिनीवरून कुणी उचलूच दिला नाही. नागपंचमीला सगळ्या पोरी झोक्यावर आणि ही खाली दोरी धरून उभी. चिंचेवर चढायचं नाही, विहिरीत उतरायचं नाही. बैलगाडीतूनसुद्धा तिला कुणीतरी उचलून खाली ठेवायचं. लग्न होऊन नळदुर्गला आमच्याकडं आली तेव्हा गच्चीवर पापड घालायला जाताना ही भिंतीला हात लावत जिना चढायची. मी तिला चिडवायचे, वैनी, तुम्ही जमिनीच्या राणी. ती म्हणायची, व्हय, राणीच हाय म्या, राणीला कोन पडू देतं का.

माझा भाऊ बब्रुवान याचं हायवेला टायरचं दुकान आहे. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर ट्रक काही थांबत नाहीत, त्यामुळं पंक्चरही थांबत नाहीत. कडूबाई घरी कडक भाकरी करते. ज्वारीची, पापडासारखी पातळ, तव्यावर वाळवून चुरचुरीत केलेली. बोटानं दाबली की तुकडे. ढाब्यावाले गठ्ठेच्या गठ्ठे घेऊन जातात. ज्वारीचं पोतं ती एकटी उचलते, परातभर पीठ एका दमात मळते. तिच्या दंडाकडं बघून माझा भाऊ भांडण आवरतं घेतो असं मी म्हणते, आणि तो नाही म्हणत नाही.

त्यांची मुलगी सृष्टी. एकुलती एक, लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी झालेली. आता तुम्हीच बघा, जिला स्वतःला कुणी झोका घेऊ दिला नाही ती बाई नवसानं झालेल्या पोरीला किती जपत असेल. पण पोरगी वाढली टायरच्या दुकानामागं. तिथं ट्रकच्या जुन्या टायरांचे ढीग. आई पिठात गुंतली की ही टायरावरून टायरावर, टायरावरून वाळूच्या ढिगावर. बापाला माहीत होतं. बाप गप्प बसायचा.

गावातल्या हायस्कूलमध्ये खेळाच्या शिक्षिका म्हणून श्रावस्ती बनसोडे आल्या आणि हे लपूनछपून चाललेलं काम उजेडात आलं. या मॅडम संभाजीनगरला जिम्नॅस्टिक्स शिकून आलेल्या. आवाज कधी चढत नाही, पण एकदा नाही म्हटलं की नाही. त्यांच्या उजव्या गुडघ्यावर लांब व्रण आहे. नवीन मुलगी आली की पहिल्या दिवशी तो व्रण दाखवतात आणि सांगतात, मी घाई केली होती. खताचं एक रिकामं गोदाम मागून घेऊन त्यांनी तिथं वर्ग सुरू केला. जमिनीत मोठा खड्डा खणून घेतला, आणि ट्रकच्या सीटा शिवणाऱ्या शरणबसप्पांकडून फोमचे तुकडे पोत्यांनी आणून तो भरला. ट्यूब कापून, पट्ट्या विणून त्यांना एक उडीची जाळीही कुणीतरी करून दिली. ते कुणीतरी म्हणजे माझा भाऊ. बायकोला त्यानं सांगितलं होतं की पोरगी शाळा सुटल्यावर जादा तासाला बसते.

हे असलं किती दिवस टिकणार? एका दुपारी भाकरीचा गठ्ठा न्यायला आलेल्या ढाबेवाल्यानं सहज विचारलं, तुमची पोरगी गोदामात हवेत उलटी फिरती ती, सर्कशीत घालायची का काय? कडूबाई उठली ती तशीच पिठाच्या हातानं निघाली. त्या दिवशी माझी सुट्टी होती. मीही मागोमाग गेले. भांडण बघायलाच गेले, खोटं कशाला बोलू.

आम्ही दारात पोचलो आणि नेमकी त्याच वेळी सृष्टी पळत आली, हातांवर वळली, हवेत गेली, गुडघे पोटाशी घेऊन मागच्या मागं फिरली आणि खड्ड्यात दिसेनाशी झाली. कडूबाईनं मागचापुढचा विचार केला नाही. जी बाई बैलगाडीतून उडी मारत नव्हती तिनं लेकीच्या मागं खड्ड्यात उडी टाकली. फोममध्ये ती कमरेपर्यंत रुतली आणि तिला काही केल्या वर येता येईना. शेवटी सृष्टीनं आणि दोन मुलींनी ओढून बाहेर काढली. मी हसू दाबण्यासाठी पदर तोंडात कोंबला होता.

श्रावस्ती मॅडम अजिबात हसल्या नाहीत. त्यांनी तिला पाणी दिलं, बसवलं आणि समजावून सांगितलं. हा खड्डा याचसाठी आहे, की चुकलं तर हाड मोडू नये. उडी लगेच जमिनीवर कुणीच मारत नाही. आधी खड्ड्यात, मग गाद्यांच्या थरावर, मग एकेक गादी कमी करत खाली. आणि सगळा वेळ शेजारी कुणीतरी हात द्यायला उभं असावं लागतं. तिथंच त्यांची अडचण होती. मुली पुष्कळ, हात देणाऱ्या त्या एकट्या, आणि पुरुषमाणसानं पोरींना हात लावलेला गावातल्या आयांना चालणार नव्हता.

"तुमचा माझ्यावर भरवसा नाही ना, कडूताई?" मॅडम म्हणाल्या. "मग लांबून रडू नका. शेजारी उभ्या राहा आणि तुमच्या हातानं धरा."

कडूबाईनं पोरीकडं बघितलं, खड्ड्याकडं बघितलं. "म्या धरते," ती म्हणाली. "पन मग म्या धरल्याबिगर ती उडायची न्हाय."

दोघींनी एकमेकींची अट मान्य केली.

दुसऱ्या दिवसापासून पंचाईत सुरू झाली, ती बांगड्यांची. हात देणाऱ्याच्या हातात काच चालत नाही. फुटली तर मुलीच्या पाठीत घुसेल. गळ्यात काही लोंबलेलं चालत नाही. कडूबाई हिरव्या चुड्याशिवाय कधी दारात उभी राहिलेली नाही. तिनं आधी बांगड्यांवर फडकं गुंडाळून बघितलं. मॅडमनी मान हलवली. मग तिनं त्या एकेक करून उतरवल्या, मंगळसूत्रासकट रुमालात बांधल्या आणि माझ्या भावाचा जुना शर्ट पंजाबी ड्रेसवर चढवून उभी राहिली. गल्लीत बोंब झाली. नवरा जिता असताना मोकळ्या हातानं हिंडते म्हणून दोन म्हाताऱ्या घरी समजवायला आल्या. कडूबाईनं त्यांना चहा पाजला आणि सांगितलं, "नवरा माझा टायराच्या दुकानात धडधाकट बसलाय. पोरगी हवेत हाय. आता मला सांगा, काळजी कुनाची करू?" म्हाताऱ्या चहा पिऊन गेल्या.

हात देणं ही काय विद्या आहे हे मला तेव्हा कळलं. मॅडमनी तिला आधी पोरीला हातच लावू दिला नाही. माझ्या भावानं एका पोत्यात फोमचे तुकडे भरून त्याला माणसाचा आकार दिला, आणि कितीतरी दिवस कडूबाई त्या पोत्यालाच हात देत होती. मागं उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं, अगदी जवळ. एक हात कमरेखाली, दुसरा मांडीमागं. पोरगी घसरली तर आधी मान वाचवायची, बाकी काय व्हायचं ते होऊ द्या. आणि डोळे कंबरेवर. शेवटची गोष्ट तिला सगळ्यांत जड गेली, कारण आई कुठंही असली तरी पोरीच्या तोंडाकडंच बघते. पहिल्याच खऱ्या उडीला तिनं तोंडाकडं बघितलं आणि सृष्टीचं कोपर तिच्या नाकावर बसलं. नाक सुजलं. दुसऱ्या दिवसापासून डोळे कंबरेवर.

वर्षभरात ती अशी तयार झाली की गावातल्या आया पोरींना गोदामात धाडण्याआधी विचारायच्या, कडूबाई हाय का आज? असेल तरच पोरगी जायची. मला तर कधीकधी गाडीत प्रवासी सांगायचे, तुमच्या भावजयीमुळं आमची पोरगी कोलांट्या शिकली. मी तिकिटावर तिकिटं फाडत मान डोलवायचे, जसं काही मीच शिकवलं.

मग आला लेआउट. नाव विलायती असलं तरी गोष्ट सोपी आहे समजायला. गुडघे पोटाशी घेऊन मागं कोलांटी मारली की अंग पटकन फिरतं. लेआउटमध्ये अंग काठीसारखं सरळ ठेवून तीच कोलांटी मारायची. पळत यायचं, हातांवर वळायचं, मागच्या मागं एकदा हातांवर उलटायचं आणि मग हात न टेकता सरळ अंगानं आकाशात. अंग सरळ म्हणजे फिरायला वेळ जास्त, म्हणजे उंची जास्त लागणार. आणि उंची हवी तर आधी वर जायचं, मान मागं टाकायची घाई करायची नाही. दिवाळीनंतर लातूरला विभागीय स्पर्धा होत्या. तिथं जमिनीवरच्या कसरतीत लेआउट बसला तर सृष्टी राज्याला जाईल, नाहीतर नाही, असं मॅडमचं गणित होतं. स्पर्धेत हात द्यायला कुणी नसतं. कुणी हात लावला की त्या उडीची किंमतच जाते.

सृष्टीनं लेआउट इतक्या लवकर धरला की सगळे चकित. एका बाजूला मॅडम, दुसऱ्या बाजूला आई. मग मॅडम बाजूला झाल्या, एकटी आई राहिली. खड्ड्यात बसला, गाद्यांच्या थरावर बसला. सृष्टी अशी वर जायची की मला वाटायचं पत्र्याला डोकं लागतंय. कडूबाई घरी येऊन भाकरी थापताना गुणगुणायला लागली. माझा भाऊ दुकानात येईल त्या ड्रायव्हरला लेआउट म्हणजे काय ते समजावून सांगायला लागला, बिचाऱ्यांना नुसती हवा भरून हवी असायची.

नवरात्र आलं. आमच्याकडं कडूबाई दरवर्षी उठता-बसता उपास धरते, पहिल्या माळेला आणि शेवटच्या. त्या वर्षी तिनं मनाशी ठरवलं की पोरगी सुखरूप राहावी म्हणून नऊच्या नऊ दिवस पाण्यावर काढायचे. कुणाला बोलली नाही. घरातली कामं चालू, भाकरी चालू, गोदामही चालू. सातव्या माळेला ती गोदामात आली तेव्हा तिचे ओठ कोरडे पडले होते. मॅडमनी तिच्याकडं बघितलं आणि त्या दिवशी गाद्या लावल्याच नाहीत. म्हणाल्या, आज सगळं खड्ड्यात. का ते सांगितलं नाही.

ते बरं झालं. सृष्टी पळत आली, वळली, उलटली, उडाली. म्हणजे उडालीच नाही. जेमतेम छातीएवढी वर गेली, अर्ध्यात अडकली आणि पायांवर नाही, थेट खांद्यावर फोममध्ये येऊन आदळली. फोम नसता तर काय झालं असतं, याचा विचार मी आजही शेवटपर्यंत करत नाही. पोरीला खरचटलंही नाही. ती बाहेर आली ती गोंधळलेली, आई, आज काय झालं म्हणून विचारत. कडूबाई मात्र जागच्या जागी बसली आणि रडायला लागली. माझा उपास कमी पडला, म्हणाली. देवीला पोचला नाही.

उपास हा शब्द ऐकून मॅडमना सगळं उमगलं. त्यांनी सृष्टीला पुन्हा सुरुवातीला उभं केलं, कडूबाईच्या जागी स्वतः उभ्या राहिल्या आणि या वेळी हात नुसता टेकवला, उचललं नाही. तीच गत. पुन्हा तेवढीच उंची, पुन्हा अर्ध्यात. मग त्या कडूबाईजवळ येऊन जमिनीवर बसल्या.

"तुमचा उपास कमी नाही पडला, कडूताई. तुमचा जोर कमी पडला. इतके दिवस सृष्टी उडत नव्हती. तुम्ही तिला उचलत होता." मग म्हणाल्या, "चूक माझीही आहे. उंची बघून मी खूश झाले, ती कुणाची आहे ते तपासलं नाही."

तसंच होतं. पोरीला आईच्या हाताचा इतका भरवसा की जमिनीवरून पाय सुटायच्या आत ती मान मागं टाकून त्या हातावर रेलायची. आणि त्या हातात ज्वारीचं पोतं उचलायची ताकद. अर्धी उडी तिची, अर्धी आईची. कडूबाईला ते फार लागलं. म्हणजे म्या पोरीचं वाटोळं केलं का, असं तिनं मॅडमना विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पोरीचा दंड धरून घरी घेऊन आली. मॅडमनी जाताना एवढंच सांगितलं की आजपासून इथं नवा नियम, उपाशीपोटी ना उडी ना हात. नऊ दिवस पुरे करा, देवीचं देवीला द्या आणि मग या.

दसऱ्यापर्यंत ती घराबाहेर पडली नाही. उपास सोडला, पुरणपोळी केली, पण गोदामाचा विषय काढला की उठून जायची. मला वाटलं संपलं सगळं. लातूर महिन्यावर आलेलं. सृष्टी रुसली नाही, रडली नाही, हेच मला विशेष वाटलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आई भाकऱ्यांची चळत लावत होती तेव्हा ती शेजारी जाऊन बसली. मी दारात चप्पल घालत होते, सगळं ऐकलं.

"आई, मला पडायची भीती न्हाय वाटत," पोरगी म्हणाली. "पन म्या एकटी किती वर जाते, ते मला अजून माहीतच न्हाय. ते मला बघायचंय. तू शेजारी ऱ्हा. फक्त उचलू नको."

हातातली भाकरी कडूबाईनं चळतीवर ठेवली आणि ती ठेवताना तिचा हात मध्येच थांबला. कडक भाकरी ठेवायची म्हणजे हाताला वजनच नसावं लागतं. जरा दाब पडला की चुरा. आणि ती हे रोज करते, विचारही न करता. तिनं पुन्हा एक भाकरी उचलली, पुन्हा ठेवली. मग चळतीतल्या चारदोन भाकऱ्या फडक्यात बांधल्या आणि पोरीला म्हणाली, चल.

गोदामात तिनं मॅडमना काय हवं ते सांगितलं. भाकरीचा तुकडा तळहातावर ठेवायचा, आणि पोरीच्या पाठीला हात द्यायचा तो असा की तुकडा मोडता कामा नये. मोडला म्हणजे म्या उचललं. मॅडम आधी खळखळून हसल्या. त्यांना तसं हसताना मी पहिल्यांदा बघितलं. मग गंभीर झाल्या आणि अटी घातल्या. आधी पोत्यावर, मग उभ्या पोरीवर, मग खड्ड्याकाठी. गादीवर चुरा सांडला तर झाडल्याशिवाय पुढची उडी नाही.

पहिल्या दिवशी सगळ्या भाकऱ्यांचा भुगा झाला. दुसऱ्या दिवशी तेच. गोदामात मुंग्या झाल्या. सरावाला येणाऱ्या मुली चुरा गोळा करून शेंगदाण्याच्या चटणीशी खायच्या आणि आयांना सांगायच्या, तिथं भाकरी पण देतात. कडूबाई घामाघूम. पोतं उचलणं तिला सोपं होतं, न उचलणं जड जात होतं. पोरगी जवळ आली की दंड आपोआप ताठ व्हायचे. मॅडम मागून सांगत राहायच्या, हात तिथं असू द्या, तुम्ही तिथं असू नका. ते कुणालाच कळायचं नाही, पण कडूबाईला कळत असावं.

सृष्टीचंही शिक्षण पुन्हा पहिलीपासून सुरू झालं. पाठीवर पडून अंग होडीसारखं ताठ धरणं. टायरावरून सरळ वर उडी, मान सरळ, नजर समोर. हात कानाशी. वर, वर, आधी वर, मग मागं. आईचा हात हलका होत गेला तशी पोरीला आपली उंची आपणच कमवावी लागली, आणि ती कमवत गेली. खड्ड्यात एका संध्याकाळी ती अख्खी फिरून पायांवर उतरली. कडूबाईनं तळहात उघडून दाखवला. तुकडा जसाच्या तसा होता. सगळ्या मुलींनी टाळ्या वाजवल्या आणि मी कंडक्टरची शिट्टी वाजवली, ती माझ्या खिशातच असते.

तिथून पुढं ते पायरी पायरीनं झालं. खड्ड्यातून गाद्यांच्या थरावर, थर कमी, अजून कमी. जिथं एकदा चुकली तिथं मॅडमनी पुन्हा एक गादी वाढवली, लाजायचं काही कारण नाही म्हणून. मग हात टेकवणं गेलं, नुसता जवळ धरणं राहिलं. मग कडूबाई एक पाऊल मागं उभी राहिली. दिवाळीचा फराळ आटपला त्या आठवड्यात सृष्टीनं सपाट गादीवर, कुणीही शेजारी नसताना, लेआउट मारला. कडूबाई भिंतीला टेकून उभी होती. तिनं डोळे मिटले नाहीत, हे मी तिच्या नवऱ्याला शपथेवर सांगितलं.

लातूरला आम्ही सगळे गेलो. केवढा मोठा तो हॉल, आणि नांदेडच्या, लातूरच्या मुली चकचकीत कपड्यांत. मॅडमना मुलीबरोबर खाली जागा होती, आम्हाला वर गॅलरीत. कडूबाई माझ्या आणि बब्रुवानच्या मध्ये बसली. बांगड्या भरलेल्या होत्या, ठेवणीतली साडी होती, कारण इथं तिचं काहीच काम नव्हतं. तेच तिला सोसत नव्हतं. सारखी विचारत होती, तिथं खाली कोन उभं ऱ्हानार? कोणी नाही वैनी, मी सांगत होते, तिथं कुणी उभं राहत नसतं.

सृष्टीचं नाव पुकारलं. ती कोपऱ्यात उभी राहिली, हात वर केला. पळायच्या आधी तिनं एकदा डावीकडं बघितलं. रोज तिथं आई असायची. तिथं आता निळी गादी होती आणि काही नव्हतं. मी कडूबाईकडं बघितलं तर ती अर्धी उठलेली, आणि तिचा उजवा हात कमरेच्या उंचीवर हवेत पुढं गेलेला, तळवा वर. गॅलरीत, एवढ्या लांबून. तिनं तो बघितला, डाव्या हातानं मनगट धरलं आणि ओढून मांडीवर आणला. बांगड्या करकरल्या. तिनं सोडलं नाही.

पोरगी पळाली. हातांवर वळली, मागं उलटली आणि सुटली. मी गोदामात तिच्या उड्या पुष्कळ बघितल्या होत्या, पण एवढ्या वर ती कधी गेली नव्हती, आई उचलायची तेव्हासुद्धा नाही. पायाच्या अंगठ्यापासून हातापर्यंत एक सरळ रेघ, आणि ती रेघ सावकाश फिरली, जशी काही घाईच नाही. मग दोन पाय जमिनीवर. एक पाऊल मागं सरकलं, बस्स. तिनं हात वर केले. खाली मॅडमनी तोंडावर दोन्ही हात दाबून धरले होते. माझा भाऊ रडत होता. मी काय करत होते ते सांगत नाही. पुढच्या कसरती तिनं गाण्यावर हसत हसत केल्या, आणि संध्याकाळी विभागात दुसरी येऊन राज्याच्या स्पर्धेसाठी निवड झाल्याचं माइकवर सांगितलं गेलं.

परतीच्या गाडीत कंडक्टर माझ्याच आगारातला होता. त्यानं आमच्यासाठी पुढची सीट राखली. पदक सृष्टीच्या गळ्यात होतं आणि त्याकडं बघून शेजारच्या एका मावशीनं विचारलं, काय केलं गं बाई पोरीनं? सृष्टीनं तोंड उघडायच्या आत कडूबाई वळली.

"हवेत सरळ अंगानं फिरली," ती म्हणाली. "म्या हात न्हाय लावला."

मावशीला काही कळलं नाही. कडूबाईनं तिला पहिल्यापासून सांगितलं आणि शेवट पुन्हा तोच केला. औशाला मावशी उतरली, तिच्या जागी एक म्हातारा चढला, त्यालाही सांगितलं. मागच्या सीटवरच्या दोन कॉलेजच्या पोरींनी विचारलं, त्यांनाही. सृष्टी लाजून खिडकीकडं तोंड करून बसली. तुळजापूरला निम्मी गाडी बदलली आणि कडूबाईनं नव्या माणसांना सुरुवातीपासून सांगायला घेतलं. नळदुर्गला आम्ही उतरलो तोपर्यंत ड्रायव्हरसकट अख्ख्या गाडीला माहीत झालं होतं की कडूबाईनं हात लावला नव्हता.